भिडं जुनं, पातं नवं

भिडं, म्हणजे बिडाचा (ओतीव लोखंडाचा) जाड तवा, घ्यायचं तर जुनं घ्यावं आणि कोयती घ्यायची तर नवी, असं माझं सरळ मत आहे. लोखंड दोन्हीकडे आहे, पण भिडं वापरून सुधारतं आणि पातं वापरून संपतं.

हल्ली दुकानात मिळणारा बिडाचा तवा वाळूच्या साच्यात ओतलेला असतो आणि बहुतेक वेळा घासून गुळगुळीत केलेला नसतो. हाताला खरखर लागते. आंबोळीचं पीठ दाट, ती त्यावर निघते. घावण्याचं पीठ ताकासारखं पातळ. ते त्या खरखरीत बारीक भोकांत शिरतं आणि पहिली कितीतरी घावणी उलथण्याला चिकटून फाटतात. जुन्या भिड्यावर कुणाच्या तरी आजीने वर्षानुवर्षं उलथणं घासलेलं असतं, नारळाची शेंडी तेलात बुडवून फिरवलेली असते. ती गुळगुळीत पाठ आयती मिळते.

मिळतं कुठे? घरात गॅस आला, मागून नॉनस्टिक आला आणि भिडं माळ्यावर गेलं. गणपतीआधी किंवा घर विकताना माळा साफ होतो तेव्हा ते भंगारवाल्याकडे उतरतं. तो घेतो वजनावर आणि विकतो नगावर, हे लक्षात ठेवायचं. दहा इंची भिडं साधारण दोन-अडीच किलो भरतं. आधी सहज विचारल्यासारखा लोखंडाचा किलोचा भाव विचारून घ्यावा, मग भिड्याला हात लावावा. भंगाराच्या दुप्पट-तिप्पट दिले तरी सौदा वाईट नाही, पण भंगारवाल्याने 'अँटिक' हा शब्द काढला की पुढच्या दुकानात जावं.

हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ते एका कानाला धरून लोंबकळत ठेवायचं आणि काठावर किल्लीने टिचकी मारायची. टण्ण असा लांब आवाज आला तर ठीक. थप्प असा बसका आला तर तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. बिडात कार्बन दोन ते चार टक्के असतो, म्हणून ते ठिसूळ. तडा एकदा गेला की तापण्या-निवण्यात वाढतच जातो. वेल्डिंगने सांधलेलं तर घेऊच नये. मग चुंबक लावून बघावं, कारण काळा रंग मारलेलं ॲल्युमिनियमही भिडं म्हणून खपवतात. पत्र्याच्या तव्यालाही चुंबक चिकटतो. तिथे जाडी आणि वजन बघायचं. शेवटी फरशीवर ठेवून डुगडुगतंय का ते पाहावं. बूड गोल असेल तर चुलीच्या तीन दगडांवर छान बसेल, गॅसच्या शेगडीवर कलंडेल.

गंजाला घाबरू नये. तो निघतो. घाबरायचं ते शिशाला. मासेमारीच्या जाळ्याला लावायची शिशाची वजनं घरी ओतायला जुनी लोखंडी भांडी वापरली जातात. शिसं 327 अंशाला वितळतं, चुलीवर सहज. त्यामुळे बंदराजवळच्या भंगारात मिळालेल्या भिड्यात कुठे राखाडी, मऊ, नखाने चमकणारा डाग चिकटलेला दिसला तर ते तिथेच ठेवावं. घासून शिसं पुरतं गेलं की नाही, हे घरी कळायचा मार्ग नाही.

गंज काढायला वापरून झालेली आमसुलं पाण्यात कुस्करायची, ते पाणी भिड्यात अर्धा तास ठेवायचं आणि काथ्याने घासायचं. रात्रभर ठेवू नये; आंबट पाणी गंज संपला की लोखंड खायला लागतं. स्वच्छ धुऊन लगेच विस्तवावर वाळवायचं. फडक्याने पुसून ठेवलं तर समुद्रकाठच्या हवेत तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते.

त्यानंतर तेल. इथे बहुतेकांचं बिघडतं, कारण हात सढळ असतो. भिडं कोमट असताना अर्धा चमचा तेल आतून, बाहेरून, कानांना चोळायचं आणि मग कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, जणू लावलंच नव्हतं. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचं, निवू द्यायचं. असं चार-पाच वेळा. तेल जास्त राहिलं तर थर चिकट होतो आणि पुढे त्याचे टवके निघतात. खोबरेल या कामाला नको. त्याची चरबी तापून घट्ट पापुद्रा धरत नाही. सूर्यफुलाचं, करडईचं किंवा जवसाचं तेल धरतं. रोजच्या घावण्याला शेंडीने खोबरेल फिरवलं तर काही बिघडत नाही.

पहिल्या आठवड्यात कांदा परतावा, भाकरी भाजावी. आगळ (कोकमाचा आंबट-खारट रस) लावलेला बांगडा त्यात तळू नये, आंबटाने कोवळा थर विरघळतो. आणि तापलेल्या भिड्यावर गार पाण्याची धार कधीच सोडू नये. पाण्याचा शिंतोडा चालतो, किंबहुना आच कळायला तोच बरा: थेंब जागच्या जागी चुरचुरून आटला तर पीठ ओता, गोळी होऊन पळाला तर भिडं फार तापलंय, पीठ आकसेल आणि जाळी नीट पडणार नाही.

आता पातं. कोयती आणि विळी इथे लोहार बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून (स्प्रिंगच्या पट्टीपासून) घडवतो, पोलाद चांगलंच असतं. पण पाणी तो फक्त धारेच्या बाजूला देतो, म्हणजे तापवून, बुडवून तेवढीच बाजू कडक करतो. वर्षानुवर्षं घासून ती कडक पट्टी संपली की मागे मऊ लोखंड उरतं. जुन्या कोयतीला धार लागते, टिकत नाही. दोन नारळ सोलले की बोथट. विजेच्या चाकावर जोरात घासलेलं पातं निळं पडलेलं दिसलं तर त्याचं पाणी उतरलंय असं समजावं. तपासायला धारेवर कानस हलकी ओढावी. कानस घसरली तर पातं कडक, चावली तर मऊ. नवी कोयती घेताना हीच परीक्षा लोहारासमोर करावी, चांगला लोहार रागावत नाही.

आडोळीच्या, म्हणजे लाकडी पाटावर बसवलेल्या खवणीच्या विळीच्या, बाबतीत मात्र अर्धं-अर्धं करावं. जुना पाट फणसाचा असेल तर तो सोडू नये, त्याला वाळवी सहसा लागत नाही. आंब्याच्या पाटाला लागते आणि भुंगाही पोखरतो. उलटा करून आपटावा, पिठासारखा भुसा पडला तर किडा अजून आत आहे. चांगल्या पाटाला लोहाराकडून नवं पातं बसवून घ्यावं. खवणीचे दात बोथट असले तर बदलायची गरज नाही, बारीक त्रिकोणी कानशीने प्रत्येक खाचेत तीन-चार घाव, एकाच दिशेने. दात सगळे एका उंचीचे राहिले पाहिजेत, नाहीतर उंच दात करवंटी ओरबाडतो आणि खोबऱ्यात तांबूस कोंडा येतो.

स्टीलचं पातं घ्यावं का? केळफूल आणि कच्चा फणस लोखंडावर चिरला की काळा पडतो, तेवढ्यापुरतं स्टील बरं. चीक दोन्हींना लागतोच, पात्याला आधी तेल लावावं. बाकी माझ्या मते लोखंडच, घरच्या दगडावर त्याला धार पटकन लागते.

पावसाळ्यात हे सगळं तेलाचा हात देऊन वर्तमानपत्रात गुंडाळावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं की आतल्या दमटपणाने नारळीपौर्णिमेपर्यंत पुन्हा आमसुलं शोधावी लागतात.