उतारा आईच्या नावावर

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचे, म्हणजे माझे, बहुतेक दिवस कागदांत जातात. डीआयआर, म्हणजे घरगुती हिंसेच्या घटनेचा अहवाल, भरायचा, न्यायालयात द्यायचा, नोटिसा बजावायच्या. त्या दिवशी मात्र एका सुनेला सासरच्या घरात परत राहू देण्याचा आदेश हातात घेऊन, महिला शिपायाला सोबत घेऊन थेट दारात जायचं होतं.

नवऱ्याने मारून घराबाहेर काढल्यावर ही बाई दोन पोरांसह माहेरी राहत होती. पहिल्या भेटीत मी तिला दोन्ही रस्ते सांगितले होते. एक पोलिसांचा: नवरा-सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं जुनं कलम ४९८अ, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आणि ज्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती म्हणाली, "मॅडम, त्यांना आत टाकून माझ्या पोरांना काय मिळणार? मला माझं घर पाहिजे." म्हणजे दुसरा रस्ता, २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. कायदा म्हटलं की लोकांना बेडीच आठवते. पण या कायद्यात राहायला जागा, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असंही त्यात लिहिलंय. आमच्या ऑफिसात ते वाक्य कोणी मोठ्याने वाचत नाही. आमचं काम अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशावर चालतं.

नवरा दारातच उभा होता. "घर आईच्या नावावर आहे. उतारा दाखवू?"

हाच मुद्दा त्याच्या वकिलाने न्यायालयात मांडला होता, २००६च्या बत्रा निकालाचा आधार घेऊन. सासूच्या मालकीच्या घरात सुनेला हक्क नाही, असं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं आणि त्यानंतर कितीतरी सुना याच एका उताऱ्यावर बाहेर राहिल्या. २०२०मध्ये सतीश आहुजा प्रकरणात तो निकाल चुकीचा ठरला. घर कोणाच्या नावावर आहे एवढ्यावर विषय संपत नाही. ती तिथे संसार करत होती का, हे बघायचं. मी उतारा बघितला नाही, आदेश वाचून दाखवला.

आत सासूबाई. "माझ्या दारात पोलीस आणलेस?" हे त्या सुनेला म्हणाल्या, माझ्याकडे बघत. त्यांना बाहेर काढा असं कोणी मागितलं नव्हतं, आणि मागूनही मिळालं नसतं: कलम १९ खाली घराबाहेर जाण्याचा आदेश बाईविरुद्ध देता येत नाही. म्हातारपणी घरात भांडण नको, ही त्यांची तक्रार मला खोटी वाटली नाही.

सून स्वयंपाकघरात गेली आणि तशीच परत आली. शेगडी होती, सिलिंडर होता, रेग्युलेटर नव्हता. लाइटचा फ्यूजही काढलेला.

इथे कलम १८, म्हणजे संरक्षण आदेशाचं कलम, कामी आलं. निवासाच्या आदेशासोबत संरक्षणाचाही आदेश मागा, हे मी प्रत्येकीला सांगते, कारण कलम ३१ची शिक्षा संरक्षण आदेश मोडल्यावर लागते: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि घरातल्या सोयी वापरू न देणं हाही कायद्याने आर्थिक छळच. नवऱ्याला एवढंच सांगितलं, "या वस्तू नाहीत असं मी पंचनाम्यात लिहितेय. सही करा." तो बाहेर गेला. रेग्युलेटर स्कूटरच्या डिक्कीतून निघाला, फ्यूज खिशातून.

मग खरा प्रश्न आला. आदेशात एक खोली आणि स्वयंपाकघराचा वापर होता. शेगडी एकच, आधी कोणी वापरायची हे न्यायाधीशांनी कुठून लिहावं? सूनच म्हणाली, "सकाळी सात वाजेपर्यंत माझं. पोरांचे डबे असतात. मग तुमचं." सासूबाई म्हणाल्या, "आणि माझा चहा?"

"तो मी देईन."

पंचनाम्याखाली तेही लिहून दोघींच्या सह्या घेतल्या. नवऱ्याने सही करायला नकार दिला. ते खाली नोंदवलं.