तुम्ही विचारलंत म्हणून: एकट्याच्या वकिलीत भागतं का?

कायद्याच्या शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात, त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील विचारतात. मोठ्या फर्ममध्ये किंवा कंपनीत नोकरी न धरता मुलीने कोर्टात स्वतःची प्रॅक्टिस केली, तर महिन्याला सुटतात किती? तुम्हीही तेच विचारलंत.

एक आकडा सांगितला तर तो खोटा ठरेल. एकाच वर्षी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन एकाच कोर्टात उभ्या राहणाऱ्या दोघींच्या कमाईत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण पैसा कसा येतो, कधी येतो आणि कुठे अडतो हे मी सांगू शकते. भारतातल्या वकिलीत पैसा आहे, मात्र तो उशिरा येतो. हा उशीर ज्यांना परवडतो ते टिकतात, ज्यांना परवडत नाही ते जातात, मग हुशारी कितीही असो. मला या पेशात सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे.

सुरुवात सनदेपासूनच होते. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ प्रमाणे नोंदणीचं शुल्क खुल्या वर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. प्रत्यक्षात वकिलांची नोंदणी करणाऱ्या राज्यांच्या बार कौन्सिल निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेत होत्या. कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं. एवढी साधी गोष्ट ठरायला एवढी वर्षं लागली.

मग ज्युनिअरशिप. सिनियरच्या हाताखाली बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) बघायचा, मुदतीचे अर्ज द्यायचे, पुर्सिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दाखल करायची, नकला काढायच्या, रोजनामा (कोर्टाची तारखेवार नोंद) वाचायचा. काम इथेच शिकता येतं, दुसरीकडे कुठेही नाही. पण हातात काय पडतं? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. सुचवलं, सक्ती केली नाही. जिल्हा न्यायालयांतल्या कितीतरी सिनियर्सची स्वतःची कमाईच अशी अनियमित की ते एवढं देऊ शकत नाहीत. काही देऊ शकतात आणि तरीही देत नाहीत. ज्युनिअरने फुकट राबायचं ही आपली परंपरा आहे असं अभिमानाने सांगणारे भेटतात. मला तो अन्याय वाटतो. घरात आधीची वकिली किंवा कमावतं माणूस नसलेली मुलगी त्या परंपरेपायी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोर्ट सोडते.

जोडीला दुसरं काही करू म्हटलं तर नियम आडवे येतात. वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, स्वतः धंदा चालवता येत नाही. जाहिरात करायलाही मनाई आहे. २००८ पासून संकेतस्थळ ठेवता येतं, पण त्यावर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढंच. एक वाट मात्र खुली आहे, ती फार जणांना माहीत नसते: दिवसाला तीन तासांपर्यंत कायद्याच्या महाविद्यालयात शिकवता येतं. पहिल्या वर्षांत तो आधार मोठा आहे. मिळत असेल तर घ्याच.

आता फीकडे येते, कारण कमाईचं खरं गणित तिथे आहे.

दिवाणी दावा घ्या. दावा दाखल, समन्सची बजावणी, प्रतिवादीची कैफियत (लेखी उत्तर), कोर्टाने वादाचे मुद्दे काढणं, सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी), उलटतपास, युक्तिवाद, निकाल. यात वर्षं जातात. नवीन वकील दावा दाखल करताना एक गोळाबेरीज रक्कम सांगतो आणि त्यातली बरीचशी तेव्हाच घेतो. सगळ्यात कष्टाचं काम, म्हणजे उलटतपास आणि युक्तिवाद, पुढे कधीतरी उभं राहतं. तोवर ती रक्कम संपलेली असते. पक्षकाराच्या मते फी तर दिलेली आहे, आणि वकिलाला त्या तारखेला जाणं जड व्हायला लागतं. नुकसान दोघांचंही होतं. म्हणून मी सांगते की फी टप्प्यांत बांधा: दाखल करताना इतकी, मुद्दे निघाल्यावर इतकी, पुरावा सुरू होण्याआधी इतकी, युक्तिवादाआधी इतकी. टायपिंग, कोर्ट फी, नकलांचा खर्च वेगळा. आणि हे कागदावर लिहून पक्षकाराची सही घ्या. ‘बघू नंतर’ म्हणून सुरू झालेलं मॅटर नंतरच राहतं.

फौजदारीत तर हे आणखी कडक पाळावं लागतं. माणूस आत असताना घरचे दिवसातून चार वेळा फोन करतात. जामीन झाला की प्राधान्य बदलतं, आणि त्यात वाईट माणूसच असतो असंही नाही. जामीनदार उभा करताना, गेलेला रोजगार सावरताना घर खरंच रिकामं झालेलं असतं. म्हणून जामीन अर्जाची फी अर्जाआधी घ्यायची.

फी थकली तर कागद अडवून ठेवू, असा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराची फाइल अडकवून ठेवता येत नाही. मला तो निकाल योग्यच वाटतो, कारण कागद गेला तर माणसाचा हक्क जातो. निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणंही नियमांत बसत नाही. मोटार अपघाताच्या दाव्यांत ती सर्रास चालते हे सगळे जाणतात, पण तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. तक्रार झाली तर सनदेवर येतं.

लांबणाऱ्या दाव्यांच्या जोडीला लवकर संपणारं काम हवंच. चेक न वटल्याची नोटीस हे त्यातलं ठरलेलं काम: बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, ते उलटल्यावर महिन्याच्या आत फिर्याद. फिर्याद पुढे लांबते, पण नोटिशीची आणि दाखल करण्याची फी लगेच मिळते. करारनामे, मृत्युपत्र, जमिनीचा शोध अहवाल, बँकेच्या पॅनेलवरचं टायटलचं (मालकी तपासण्याचं) काम याला नवे वकील कमी लेखतात. ऑफिसचा महिन्याचा खर्च बहुतेक वेळा यातूनच निघतो. (आणि ऑफिस पहिल्या दिवशी लागत नाही. सिनियरच्या टेबलाचा कोपरा पुष्कळ दिवस पुरतो.) मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर जरूर जा. फी थोडी असते, पण पूर्ण खटला स्वतःच्या हाताने चालवायला मिळतो, आणि पुढची कामं न्यायालयात तुम्हाला बोलताना ऐकलेल्या माणसांकडूनच येतात. त्याच प्राधिकरणाच्या, आरोपींचा बचाव करण्यासाठीच्या २०२२ पासूनच्या बचाव पक्ष विधिज्ञ योजनेत ठरावीक मासिक मानधन मिळतं, त्याबदल्यात खासगी कामं सोडावी लागतात. घरची जबाबदारी अंगावर असेल तर तो कमीपणाचा मार्ग नाही.

विवरणपत्र पहिल्या वर्षापासून भरा, उत्पन्न करपात्र नसलं तरी. आयकर कायद्यात ठरलेल्या मर्यादेपर्यंत एकूण जमेच्या निम्मं उत्पन्न धरून कर भरण्याची सोय वकिलांना आहे, त्यामुळे हिशेब फार किचकट नसतो. उद्या घरासाठी कर्ज मागाल तेव्हा पगाराची पावती तुमच्याकडे नसेल; बँक हेच कागद बघेल.

पुढे काय, असंही तुम्ही विचारलंत. नोटरी व्हायला साधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते. थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर संविधानाच्या २३३व्या अनुच्छेदात सात वर्षं आहेत. आणि २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली आहे. बार परीक्षेआधी मिळणाऱ्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासूनचा काळ त्यात धरला जातो, पण दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचं प्रमाणपत्र आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता असं काही जोडावं लागतं. म्हणून ज्युनिअर म्हणून लागताना विद्यावेतनाचं बोलणं जमलं नाही तरी एक मागणी पहिल्याच आठवड्यात करा: वकीलपत्रावर सिनियरच्या नावाखाली माझंही नाव घाला, आणि मी ज्या तारखेला उभी राहीन त्या दिवशी रोजनाम्यात माझी हजेरी लागू द्या. याला एक पैसाही लागत नाही, आणि जो सिनियर एवढ्यालाही नाही म्हणेल त्याच्याकडे थांबू नका.