पाडकामाआधी उतरवलेली नक्षी : माझा अनुभव

पाडायच्या ठरलेल्या एका जुन्या पाचमजली इमारतीच्या दर्शनी भागावरील नक्षीकाम नोंदवून उतरवण्याच्या कामात मी 26 दिवस होते. त्यांपैकी पहिले 15 दिवस आम्ही एकाही नगाला छिन्नी लावली नाही. ‘उतरवणे’ या शब्दामुळे हे काम हातोड्याचे वाटते. प्रत्यक्षात ते मुख्यतः वही, मोजपट्टी आणि कॅमेऱ्याचे आहे.

मुळात नक्षी इमारतीवरून काढणे हेच शक्यतो टाळायचे असते. वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचे आठवे कलम सांगते की, वास्तूचा अविभाज्य भाग असलेले शिल्प, चित्र किंवा सजावट जतन करण्याचा तेवढाच एक मार्ग उरला असेल, तरच ती तेथून हलवावी. आमच्या बाबतीत इमारत वाचवण्याचे सर्व प्रयत्न संपले होते. तरीही मालकाची लेखी संमती, उतरवलेले नग कोणाच्या ताब्यात राहतील आणि कोठे ठेवले जातील याचा करार, आणि पाडकामाच्या ठेकेदाराशी ठरवलेले वेळापत्रक यांत दोन महिने गेले. या काळात मी फार अस्वस्थ होते, कारण आतील लाकडी कठडे आणि दारे त्याच सुमारास, कोणतीही नोंद न होता, निघून गेली.

दर्शनी भाग टेराकोटाचा होता, म्हणजे साच्यात दाबून घडवलेल्या आणि भट्टीत भाजलेल्या मातीच्या पोकळ ठोकळ्यांचा. आम्ही संपूर्ण दर्शनी भागाचे रेखाचित्र काढले, उभ्या पट्ट्यांना अक्षरे आणि आडव्या थरांना आकडे दिले, त्यामुळे प्रत्येक नगाला स्वतःचा पत्ता मिळाला. मग परांचीवरून छायाचित्रे घेतली : आधी पूर्ण पट्टी, मग थर, मग एकेक नग, प्रत्येक वेळी मोजपट्टी आणि रंगपट्टी शेजारी धरून. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत निम्म्याहून अधिक भाग सामाईक येईल अशी काळजी घेतली, कारण तशा छायाचित्रांवरून पुढे मोजमापे आणि त्रिमितीय प्रतिकृती तयार करता येते. छायाचित्रांवरून इमारत मोजण्याची ही कल्पना जर्मनीच्या आल्ब्रेख्त मायडेनबाउअर यांना 1858 मध्ये सुचली. वेत्सलार येथील चर्चची मापे घेताना उंचावरून पडता पडता ते वाचले होते. परांचीवर उभे राहून मोजणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

संध्याकाळनंतर आम्ही बाजूने तिरपा प्रकाश टाकून तीच छायाचित्रे पुन्हा घेतली, आणि या कामातला सर्वांत मोठा आनंद मला तेव्हा मिळाला. दिवसा अगदी सारखी भासणारी सिंहमुखे सारखी नव्हती. साचा एकच होता, परंतु साच्यातून काढल्यावर, माती ओली असतानाच, कोणीतरी आयाळीचे केस हत्याराने पुन्हा कोरून धारदार केले होते. काही मुखांवर ते ओरखडे खोल आणि ठाम होते, काहींवर उथळ आणि घाईचे. निदान दोन वेगळे हात तेथे काम करत होते, असे माझे मत झाले आणि ते आजही कायम आहे. कंगोऱ्यांचे छेद आम्ही सुट्या दातांच्या मापपट्टीने कागदावर उतरवले. वरच्या रंगाचे थर ठिकठिकाणी धारदार पात्याने उघडून क्रमाने नोंदवले. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासणे कटाक्षाने टाळले.

सोळाव्या दिवशी उतरवणे सुरू झाले. पुढे झुकलेला वरचा छज्जा त्याच्या मागील आणि वरील बांधकामाच्या भाराने तोललेला असतो. तो भार आधी काढला तर छज्जा खाली येतो, म्हणून पहिल्यांदा लाकडी टेकू दिले. जेथे सांधे चुन्याचे होते तेथे पातळ पाते आणि छिन्नी पुरेशी होती. नंतरच्या दुरुस्तीत सिमेंट भरले होते तेथे मात्र सांधा सुटण्याआधी टेराकोटाच तडकत असे. आतल्या लोखंडी आकड्या गंजून फुगल्या होत्या. त्या उचकटल्या तर कडा फुटतात, म्हणून प्रत्येक आकडी करवतीने कापावी लागली. सुमारे 35 किलोचा एकेक ठोकळा चेन-पुलीने खाली आणून लाकडी फळ्यांवर ठेवला जाई.

शिकागोचे छायाचित्रकार रिचर्ड निकेल यांची आठवण त्या दिवसांत सतत होत असे. वास्तुरचनाकार लुई सलिव्हन यांच्या इमारतींची नोंद करण्यात आणि त्यांची नक्षी वाचवण्यात त्यांनी आयुष्य वेचले, आणि 1972 मध्ये सलिव्हन यांचीच शिकागो स्टॉक एक्स्चेंजची इमारत पाडली जात असताना आतील भाग कोसळून त्यांचा मृत्यू झाला. त्या इमारतीतील व्यवहारांचे दालन पुढे आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोमध्ये वाचवलेल्या अवशेषांच्या आधारे पुन्हा उभारले गेले. आम्ही मात्र एक नियम पाळला : एकट्याने कोणी वर जायचे नाही, आणि पाडकाम चालू असलेल्या बाजूला पाऊलही ठेवायचे नाही.

माझी चूक एकविसाव्या दिवशी झाली. धातूचे बिल्ले संपले होते, म्हणून 14 नगांवर मी खडूने पत्ते लिहिले. रात्री पाऊस आला आणि सकाळी सारे आकडे पुसले गेले होते. सुदैवाने ठोकळ्यांच्या पाठीमागे, पोकळीच्या कडेला, कारखान्यात भाजण्यापूर्वीच कोरलेले क्रमांक होते. ते दर्शनी भागावरील जागेनुसार दिलेले होते. आमच्या रेखाचित्राशी ते जुळवत, छायाचित्रांतील तडे आणि कपचे ताडून पाहत, 12 नगांचे पत्ते परत मिळाले.

उरलेल्या दोघांची पाठ उतरवतानाच फुटली होती. ते एकाच साच्यातले, पानांच्या नक्षीचे ठोकळे होते आणि एका मोठ्या नामफलकामागे दडलेले असल्यामुळे जागेवर त्यांचे छायाचित्र कधी घेताच आले नव्हते. दोन्ही पत्रकांवर माप, रंगाचे थर आणि स्थिती तपशिलाने भरलेली आहे. जागेच्या रकान्यात मात्र मी ‘फलकामागील डावा किंवा उजवा’ एवढेच लिहिले आहे.