ट्यूशन एरियातला मसाला ब्रेड : आमची वाटचाल

लातूरला धंद्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि मेमध्ये संपतं. निदान ट्यूशन एरियात, म्हणजे खासगी क्लासांच्या भागात तरी. दहावीचा निकाल लागला की परभणी, बीड, धाराशिवकडची पोरं पेट्या घेऊन येतात आणि डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा झाली की त्याच पेट्या उचलून जातात. आमची मेस या पोरांवरच चालायची. दोन वेळचा डबा, आणि रविवारी संध्याकाळी सुट्टी. लातुरातल्या बहुतेक मेसना ही सुट्टी असते. त्या एका संध्याकाळी पोरं काय खातात, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. वडापाव, मॅगी, नाहीतर उपाशीच अभ्यास. आमचा ब्रेड या रविवारच्या रिकाम्या जागेत बसला.

मार्च २०२० मध्ये क्लास बंद झाले, हॉस्टेलं ओस पडली आणि आमची मोठी पातेली माळ्यावर गेली. घरात जाऊबाईंचा एक ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन होता, केकसाठी घेतलेला. त्यात ब्रेड करायला लागलो, तो आधी घरापुरताच. क्लास पुन्हा भरले तेव्हा रविवार सकाळच्या डब्यासोबत एकेक छोटा ब्रेड द्यायला सुरुवात केली. साधा पांढरा ब्रेड करण्यात अर्थ नव्हता. तो कंपनीचा कोपऱ्यावर मिळतो आणि कंपनीशी भावात कोण भांडणार? ब्रेड असा हवा होता की भाजी नको, लोणी नको, नुसता खाल्ला तरी पोट भरलं पाहिजे. म्हणून त्यात घरचं काळं तिखट, कांदा, लसूण, ओवा आणि कोथिंबीर आली.

खरी गंमत इथून पुढे आहे. मसाल्याचं आणि पीठ फुगवणाऱ्या यीस्टचं फारसं पटत नाही. काळ्या तिखटात दालचिनी-लवंग असते, ओव्यात थायमॉल नावाचं उग्र द्रव्य. ही मंडळी जंतूंना आवर घालतात म्हणून तर आपण त्यांना औषधी म्हणतो. यीस्ट ही सूक्ष्म बुरशीच, तिलाही तोच आवर बसतो. तिखट वाढवलं की पीठ फुगायला आळस करतं. कच्च्या लसणाचा त्रास वेगळा. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं मैद्यातल्या ग्लुटेनची, म्हणजे पीठ धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची वीण सैल करतात, मग पीठ चिकट होतं आणि चढलेलं परत बसतं. कच्च्या कांद्याला मिठामुळे पाणी सुटतं, तेही पिठातच उतरतं. या सगळ्यावर आमच्याकडे एकच उपाय आहे. लसूण आणि कांदा तेलात चांगला परतायचा, गॅस बंद करून त्यातच तिखट आणि ओवा घालायचा, आणि हे पूर्ण गार झाल्यावर पीठ निम्मं मळून झालं की मग मिसळायचं. फोडणीत मसाला खुलतो तो स्वयंपाकघरातला नियम इथंही चालतो.

कोथिंबीर आम्ही लातूरची कास्ती घेतो. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारातल्या बायकांना तिचा वास आधीपासून माहीत होता. देठं टाकून देत नाही, बारीक चिरून घालतो. धुतल्यावर कापडावर कोरडी मात्र करावीच लागते.

पुण्या-मुंबईच्या कृतीत 'पीठ उबदार जागी ठेवा' असं लिहिलेलं असतं. एप्रिलमध्ये लातुरात उबदार नसलेली जागा दाखवा! पारा ४० च्या आसपास असतो, तेव्हा पीठ तासाभराच्या आत डोंगरासारखं फुगतं आणि चव आंबूस-कच्ची राहते. मळून झालेल्या पिठाचं तापमान २६-२७ अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढं धरून बसलो की बाकीचं सोपं होतं. उन्हाळ्यात पहाटेच मळतो, पाण्यात बर्फ घालतो, यीस्ट जवळपास निम्म्यावर आणतो. डिसेंबरात उलट. बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवून शेजारी साचे लावतो.

पाण्याचा विषय लातूरकरांना सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. आमचं काम बोअरवर चालतं आणि ते पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे. फार जड पाण्यानं पीठ ताठ होतं, फुगायला वेळ घेतं. नुसतं आरओ यंत्रातून शुद्ध केलेलं घेतलं तर क्षार उरत नाहीत आणि पीठ हाताला चिकटतं. आम्ही दोन्ही निम्मं निम्मं मिसळतो. आरओतून वाया जाणारं पाणी भांडी-फरशीला.

ब्रेडची मागणी मेसबाहेर गेली तेव्हा कागदपत्रं आली. तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची साधी नोंदणी पुरत होती, वर्षाला १०० रुपये. पाकिटावर १४ अंकी क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, घटकांची यादी. ते झटपट झालं. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ओव्हन घ्यायला मात्र बँकेत इतके हेलपाटे झाले की मॅनेजर बदलून गेले. अनुदान ३५ टक्के होतं, पण आधी कर्ज मंजूर व्हावं लागायचं; नव्या माणसानं अशा अटी आधी नीट समजून घ्याव्यात. ओव्हन गॅसवरचा घेतला. लाईट गेली की इन्व्हर्टर पंखा फिरवतो, ओव्हन नाही.

किराणा दुकानदारांनी माल मागितला होता. आम्ही नाही म्हणालो. मोठ्या कंपन्या बुरशी लागू नये म्हणून कॅल्शियम प्रोपियोनेट घालतात. ते नियमात बसतं, त्यात चोरी काही नाही. पण आम्ही घालत नाही, आणि कांदा घातलेला ब्रेड मेच्या उन्हात दोन दिवसांपलीकडे ठेवायला नको. दुकानात तो तिसऱ्या दिवशीही फळीवर दिसणारच. म्हणून आदल्या दिवशी ऑर्डर, सकाळी ब्रेड. मेसमधल्याच दोघी मावश्या आता पूर्ण वेळ याच कामावर आहेत आणि मिठाची चव त्यांनी पाहिल्याशिवाय मसाला पिठात जात नाही.

कृती मागणाऱ्यांना आम्ही देतो. अर्धा किलो मैदा, ३०० मिली पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट (उन्हाळ्यात ३), ८ ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, ३० मिली तेलात परतलेला एक मोठा कांदा आणि सात-आठ लसूण पाकळ्या, दीड चमचा काळं तिखट, अर्धा चमचा ओवा, मूठभर कोथिंबीर. तिखटात मीठ असेल तर वरचं मीठ कमी करा. पीठ दुप्पट झालं की दाबून हवा काढा, दोन साच्यांत घाला, पुन्हा फुगलं की २०० अंशांवर अर्धा तास भाजा. गरम असताना सुरी लावू नका, आतला भाग चिकट राहतो.

मे महिन्यात गिऱ्हाईकच गावी जातं. त्या दिवसांसाठी आता मसाला टोस्ट करतो. उरलेल्या ब्रेडच्या कापा मंद आचेवर पुन्हा भाजून पार कोरड्या करायच्या. घट्ट झाकणाच्या डब्यात ते कितीतरी दिवस कुरकुरीत राहतात. पोरांना न्यायला आलेले पालक डबे घेऊन जातात आणि जूनमध्ये फोन करून आणखी मागवतात. ते कुरिअरनं पाठवावेत तर निम्म्या डब्यात चुरा पोहोचतो. त्यावर सध्या पुठ्ठ्याच्या खणांचा डबा करून पाहतोय.