'पसरलेला' आजार

आरोग्यविषयक अहवालांचं मराठीतून इंग्रजी करणं हे माझं काम. त्या सकाळी नंदुरबारहून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा अहवाल आला. पहिलंच वाक्य होतं, 'सातपुड्याच्या पाड्यांवर हा आजार सर्वत्र पसरला आहे.'

आधी 'रॅम्पंट' लिहिलं आणि लगेच खोडलं. जुन्या राजचिन्हांवर मागच्या पायांवर उभा ठाकलेला सिंह असतो, त्यालाही 'रॅम्पंट'च म्हणतात. त्या शब्दात काहीतरी मोकाट सुटून अंगावर येतंय. 'रायफ'चा सूरही तसाच. 'कॉमन' म्हणावं तर सर्दीपडसं वाटतं, आणि इथं तर हाडं ठणकून पोरं रात्र रात्र तळमळतात. 'एन्डेमिक' मलेरियाला शोभतो, एखाद्या भागात कायमचा मुक्काम ठोकलेल्या आजाराला. सिकलसेल मात्र आईवडिलांकडून येतो. माणूस ऊसतोडीला गुजरातेत गेला, की त्याच्याबरोबर तोही जातो.

उरले 'वाइडस्प्रेड' आणि 'प्रिव्हॅलंट'. पहिला मुलूख सांगतो, दुसरा माणसं मोजतो: ठरावीक वेळी शंभरात किती जणांना आहे. अहवालातले आकडे नेमके कशाचे, हे विचारायला तिथल्या सिस्टरना फोन लावला.

"तपासलेल्यांत किती निघाले, त्याचे," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, ते 'पसरला' कुणी लिहिलं? इथं एका घरात सुनेचं ताट वेगळं ठेवलंय, आजार पसरेल म्हणून."

मला काही बोलता येईना. सकाळपासून सहा इंग्रजी शब्द तोलले, पण समोरचा मराठी शब्द एकदाही तपासून पाहिला नव्हता. सिकलसेल ताटातून येत नाही, पाण्यातून येत नाही. आईवडील दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः रुग्ण नसून त्याचा जनुक बाळगून असतील, तर प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता २५ टक्के. आईवडिलांकडून बाळाकडे, एवढीच त्याची वाट. 'वाइडस्प्रेड'च्या पोटातही तेच 'पसरणं' बसलेलं, म्हणून तोही गेला. 'प्रिव्हॅलंट' ठेवला आणि किती जणांना तपासलं, त्यांत वाहक किती, रुग्ण किती, हे त्याच वाक्यात जोडलं.

मग संस्थेला फोन करून मूळ मराठी वाक्य बदलायची परवानगी घेतली, कारण तोच अहवाल ग्रामसभेत वाचला जाणार होता. लिहिलं, 'पाड्यांवरच्या अनेक कुटुंबांत हा आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.' सिस्टरना वाचून दाखवलं.

"'लागत नाही' आधी घ्या," त्या म्हणाल्या.

घेतलं.