मीटर ६१,८०० चं, चूक १,३८,४१२ ची

बॉनेटवर हात ठेवला तर कोमट लागलं. डिसेंबरातली सकाळ, साडेसात वाजलेले, निफाडचा पारा नेहमीप्रमाणे पेपरात आलेला. अशा थंडीत रात्रभर उभ्या गाडीचा पत्रा हाताला चटका देईल इतका गार असतो. जुनी गाडी विकणाऱ्या एजंटला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की आम्ही गॅरेजवाले तपासायला येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. तो म्हणाला, "फक्त बाहेर काढून पुसली, साहेब." गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. बाहेरची हवा ११ अंश, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ५८ अंश. नुसती बाहेर काढून कूलंट इतकं चढत नाही. दहा-पंधरा मिनिटं तरी गाडी चालवलेली होती.

गाडी २०१४ ची जर्मन सेडान, दोन लिटर डिझेल, मुंबईचं पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर ६१,८०० किलोमीटर. नवी होती तेव्हा ऑन-रोड चाळीस लाखांच्या आसपासची. आता एजंट सव्वानऊ लाख मागत होता. घेणारे नाना ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमान कारखान्यातून, निवृत्त झालेले. आयुष्य विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये गेलेलं. मुलीकडे नागपूरला समृद्धीवरून वर्षातून चार-पाच फेऱ्या, बाकी ओझर ते नाशिक. मुलाचं म्हणणं होतं की तेवढ्याच पैशात नवी हॅचबॅक घ्यावी. आमच्याकडे सहसा उलटं येतं, पोराला बिल्ला हवा असतो आणि बापाला ॲव्हरेज. इथे पोरगा म्हणत होता, "पप्पा, वॉरंटी," आणि नाना सीटवर बसून दार लावल्याचा आवाज ऐकत होते. तो आवाज खरंच वेगळा असतो, त्यात नानांची चूक नाही.

गार इंजिनाचा आग्रह धरायला कारण आहे. त्या पिढीतल्या काही दोन लिटर डिझेल इंजिनांत टायमिंग चेन पुढे नसते, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तिचे गाइड झिजले, चेन ताणली गेली, की गार इंजिन सुरू होताना ऑइलचा दाब बनेपर्यंत दोन-तीन सेकंद खरखर येते, तेलाच्या डब्यात सायकलची चेन ओढल्यासारखी. गरम इंजिनात तीच खरखर दबून जाते. चेन पुढे असती तर काम आटोपशीर होतं. मागे असल्यामुळे गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बऱ्याचदा इंजिनच बाहेर काढावं लागतं, आणि बाहेरच्या गॅरेजमध्येही दीड लाखाच्या पुढेच हिशोब जातो. चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग गाडीच्या किमतीइतकं इंजिन.

तेव्हा गाडी नाशिकच्या अंबडला आमच्या गॅरेजच्या लिफ्टवर आणली आणि इंजिन संध्याकाळपर्यंत बंद ठेवायचं ठरवलं.

आधी पत्रा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र छतावर ११५ मायक्रॉन दाखवत होतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मध्ये असतो, त्यामुळे छत मूळचं. उजवा पुढचा फेंडर २९०, म्हणजे पुन्हा रंगवलेला, पण ५०० च्या वर कुठेच नाही, म्हणजे लांबी (पुट्टी) भरलेली नाही. फेंडरच्या बोल्टच्या कडांवर पाना लागल्याच्या खुणा होत्या, आतला मूळ पत्रा मात्र सरळ, स्पॉट वेल्ड गोल आणि एकसारखे. हा मुंबईच्या ट्रॅफिकमधला घासा, दोष म्हणून धरायचा नाही. पुढचे दोन्ही बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले. पाण्यात बुडालेल्या गाडीचा सगळा गाळ धुतला तरी बेल्टच्या तळाच्या हातभर पट्टीवर मातकट रेघ राहते. इथे पट्टी स्वच्छ होती. बूटमधला गालिचा उचलून बॅटरीच्या खालचा खड्डा पाहिला, कनेक्टरवर हिरवट गंज नाही. नानांनीही बेल्ट स्वतः एकदा ओढून पाहिला.

मग टायर. चारही रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे, नक्षी पाच मिलिमीटर शिल्लक, दिसायला उत्तम. साइडवॉलवर मात्र ‘२६१८’. म्हणजे २०१८ सालचा सव्विसावा आठवडा, साडेसात वर्षांचं रबर. नक्षीच्या तळाशी केसासारख्या चिरा दिसत होत्या. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, खाली तापलेलं काँक्रीट. या टायरवर तिथे जायचं नाही. चार रनफ्लॅटचे साधारण ऐंशी हजार.

ब्रेक डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, ती कुणी वाचत नाही. नवी डिस्क २४ मिलिमीटरची, कोरलेलं किमान २२.४, आमच्या मायक्रोमीटरवर २२.१. इथे पहिल्यांदा खटकलं. ६१ हजारांत, त्यातही डिझेल सेडानमध्ये, पुढची डिस्क इतकी खाली जात नाही असं नाही, पण मग ती गाडी कायम शहरात हाणलेली असायला हवी. ब्रेक पेडलच्या रबराच्या रेघा डाव्या कोपऱ्यात पुसलेल्या. ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या कडेचं लेदर चुरगळून नव्याने रंगवलेलं, नखाने खरवडलं तर खालून फिकट निघालं. स्टिअरिंगवर नवं कव्हर. एकेक गोष्ट पटण्यासारखी होती. चारही एकाच गाडीत आल्या की पटत नाही.

या गाड्यांत किलोमीटर एकट्या मीटरच्या डब्यात नसतात. चावी ओळखणाऱ्या युनिटमध्ये त्यांची दुसरी नोंद असते आणि दोन्ही जुळतात का ते गाडी स्वतःच तपासते. मीटर मागे घेणारा हे जाणून असतो, तो दोन्हीकडे आकडा बदलतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमधल्या, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरमधल्या, चुकांचे कोडही पुसतो. इथे दोन्हीकडे ६१,८०० बरोब्बर जुळत होते आणि इंजिनमध्ये एकही कोड नव्हता. अकरा वर्षांच्या डिझेलमध्ये एकही जुना कोड नसणं हेच मुळात जरा जास्त स्वच्छ वाटतं.

मग सवयीप्रमाणे बाकीचे सगळे मॉड्यूल एकेक उघडले. दारं, लाइट, पार्किंग सेन्सर. एसीच्या मॉड्यूलमध्ये एक कोड सापडला: मागच्या सीटकडे हवा सोडणाऱ्या फ्लॅपची मोटर अडकते. अगदी किरकोळ, त्याने गाडीचं काही बिघडत नाही. पण प्रत्येक कोडसोबत तो कधी आला याची नोंद असते, तेव्हाचं तापमान, तेव्हाचं व्होल्टेज आणि तेव्हाचे किलोमीटर. त्या नोंदीत लिहिलं होतं १,३८,४१२.

६१,८०० चाललेल्या गाडीत १,३८,४१२ किलोमीटरवर झालेली चूक. नाना स्क्रीनजवळ आले, चष्मा वर केला, आकडा दोनदा वाचला आणि एजंटला फोन लावायला मुलाला सांगितलं. एजंटने आधी "सॉफ्टवेअरची गडबड" म्हटलं, मग "मागच्या मालकाचं काही माहीत नाही", आणि तिसऱ्या वाक्याला सव्वा लाख कमी केले. किंमत आठ लाखांवर.

इथेच प्रकरण संपायला हवं होतं. नाना मात्र म्हणाले, "दीड लाख चाललेली का असेना, इंजिन मख्खन आहे. आठ लाखाला काय वाईट?" हा प्रश्न वेडगळ नाही. लबाडी वेगळी ठेवली तर नीट राखलेली, दीड लाख किलोमीटर चाललेली जर्मन गाडी, न राखलेल्या साठ हजार चाललेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. पण राखल्याचा पुरावा हवा. सर्व्हिसची बिलं मागितली तर पहिल्या चार वर्षांची निघाली. पुढे सात वर्षांत काहीच नाही. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं याला उत्तर नव्हतं, कारण गाडीच्या पुस्तकात ते ‘लाइफटाइम’ म्हटलेलं. तो आठ गिअरचा ऑटोमॅटिक बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला असं सांगते. तिथे ऑइल फिल्टर प्लास्टिकच्या संपमध्येच, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यातच, बसवलेला असतो, म्हणून फिल्टर बदलायचा तर अख्खा संप नवा. आणि ऑइल भरायचं ते इंजिन चालू ठेवून, ठरावीक तापमानात, पातळी बघत. तापमान चुकलं तर कमी-जास्त भरतं आणि गिअर झटके देऊ लागतात. लोक मग गिअरबॉक्सला दोष देतात.

लिफ्टवर गाडी वर गेली तेव्हा नाना खाली उभे होते. पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश टॉर्चखाली दाखवले, रबर कडेने फाटून आतलं पातळ तेल गळलेलं. कूलंटचे प्लास्टिकचे जोड पिवळट, दाबले तर कडक. ऑइल फिल्टरच्या बैठकीचं गॅस्केट पाझरत होतं, खालचं प्लास्टिकचं कव्हर स्पीडब्रेकरला घासून चिरलेलं. मी म्हटलं, "नाना, हे किलोमीटरने झालेलं नाही, वर्षांनी झालंय. गाडी खरंच साठ हजार चाललेली असती तरी हे असंच असतं."

नाना बराच वेळ त्या बुशकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे रबरी होजला दोन आयुष्यं असायची. तास आणि तारीख. तास शिल्लक असले तरी तारीख संपली की काढायचाच. लॉगबुक नसलेला पार्ट तर हातातच घ्यायचा नाही."

त्यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही. जॉबकार्डच्या मागे आकडे मांडले: टायर ८० हजार, पुढच्या डिस्क, पॅड आणि सेन्सर ४०, लोअर आर्म ४५, गिअरबॉक्सचं ऑइल संपसकट ३५, बॅटरी २२. बॅटरी स्टार्ट-स्टॉपवाली, आणि बदलल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, नाहीतर तो नव्या बॅटरीलाही जुनी समजून चार्ज करत राहतो. बेरीज २ लाख २२ हजार, हे पहिल्याच वर्षात. गाडीची किंमत चाळीसावरून आठावर आली तरी तिच्या पार्टची किंमत चाळीस लाखांच्या गाडीचीच राहते, हे लोकांना शोरूमबाहेर पडल्यावर कळतं. डिझेल की पेट्रोल, ॲव्हरेज किती, यावर घरी तासभर वाद घालतात. वर्षाला दहा हजार किलोमीटरवाल्याला तो फरक एका हेडलाइटच्या काचेइतकाही नसतो.

विम्याचंही तसंच. १५०० सीसीच्या वर थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता ७,८९७ रुपये, वर जीएसटी. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई, हा प्रकार बहुतेक विमा कंपन्या पाच-सात वर्षांनंतर देत नाहीत. तो नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतले पन्नास टक्के आपल्या खिशातून. या गाडीचा पुढचा बंपर सेन्सरसकट बघा म्हणजे अर्थ कळेल. आणि २०१४ ची नोंदणी २०२९ ला संपते. मग फिटनेस, पर्यावरण कर आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण.

साडेपाचला ऑइलचं तापमान २४ अंशांवर आलं. सगळे बॉनेटभोवती उभे राहिले. मुलाने बटण दाबलं. दोन सेकंद खरखर, मग शांत. १,५०० आरपीएमवर धरलं तर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, बाजूने तीच खरखर पुन्हा, बारीक. जॉबकार्डवर खाली चेनचे १ लाख ६० हजार लिहिले. कुणी बेरीज केली नाही.

हॅचबॅकचा हिशोब सरळ. १२०० सीसीच्या आतली पेट्रोल आणि चार मीटरच्या आत लांबी, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. एक्स-शोरूम ७ लाख ६० हजार, त्यावर महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स म्हणजे ८३,६००, विमा चाळीस हजारांच्या वर, त्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी आलाच. एकूण ८ लाख ९० हजारांच्या आसपास. नानांना एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेला ऑटोमॅटिक गिअर, हवा होता. तेवढं बजावलं की कसाऱ्याच्या चढावर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक दाबायचा. एएमटीत आत साधाच क्लच असतो आणि तो असाच जळतो. समृद्धीवर ती जर्मन गाडीसारखी बसणार नाही, १०० नंतर वारा ऐकू येईल, हेही सांगितलं. दार लावल्याचा आवाज तर नाहीच.

दोन आठवड्यांनी पैसे भरायच्या आधी नाना मला शोरूमच्या यार्डात घेऊन गेले. नव्या गाडीचीही तपासणी करायची ती नोंदणीच्या आधी, नंतर ती तुमचीच. फॉर्म २२ वर, म्हणजे कंपनीच्या दाखल्यावर, उत्पादनाचा महिना मार्च. म्हणजे नऊ महिने उन्हापावसात उभी. बॅटरी ११.९ व्होल्ट, तिथे १२.४ च्या खाली घ्यायची नाही. तीन टायर एका आठवड्याचे, चौथा पाच महिन्यांनी नवा, आणि त्या बाजूच्या मागच्या दारावर २४० मायक्रॉन. यार्डात कुणीतरी ठोकून रंगवलेली. विक्रेत्याने "ट्रान्सपोर्टमध्ये होतं" म्हटलं. नानांनी ती गाडी परत केली आणि चेसिस नंबर लिहून ठेवला, तीच पुन्हा पुढे सरकवू नये म्हणून.

दुसरी आठ दिवसांनी आली. नोव्हेंबरचं उत्पादन, मीटरवर २३ किलोमीटर, दारं चारही १०५ ते १२०. मी टायरची हवा बघत होतो, यार्डात ती ५० पीएसआयपर्यंत भरून ठेवतात. मान वर केली तर नाना ड्रायव्हरच्या दारात वाकून नव्याकोऱ्या गाडीचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघत होते, आणि तो विक्रेता पोरगा विचारत होता, "काका, काही अडकलंय का?"