डॉगरिजला मुळं फुटली: तळाला ऊब, डोक्याला थंडी

फुटली एकदाची! डॉगरिजच्या, म्हणजे द्राक्षाचं कलम ज्यावर बांधतात त्या खुंटाच्या वेलीच्या, काड्यांना मुळं फुटली, आणि एखाद-दुसरीला नाही, ट्रेमधल्या बहुतेक सगळ्यांना. मागच्या नोंदीत मी वैतागून थॉमसन ही खायच्या द्राक्षाची वेल खुंटाशिवाय, स्वतःच्याच मुळांवर वाढवायचा बेत जाहीर केला होता. तो बेत रद्द.

मागचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी क्षारी आहे, कुंड्यांच्या कडांना पांढरे थर चढतात आणि थॉमसनच्या पानांच्या कडा करपतात. युरोपात १८६० च्या दशकात फायलोक्सेरा ह्या मुळं खाणाऱ्या किडीनं द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या म्हणून खुंटावर कलम करायची वेळ आली. महाराष्ट्रात खुंट आला तो मुख्यतः खारं पाणी, चोपण जमीन आणि दुष्काळामुळे. आणि खुंट म्हटलं की आपल्याकडे आधी डॉगरिज: मूळची टेक्सासकडची जंगली वेल, व्हिटिस चॅम्पिनी. क्षार सोसते, तहान सोसते. फक्त काडीला मुळं धरायची म्हटलं की हिचे नखरे सुरू.

काड्यांचा प्रश्न नव्हता. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. दादाच्या बागेत कलम फेल गेलेली काही झाडं बांधाकडेला आहेत, त्यावर डॉगरिज मोकाट वाढलेली असते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला (फळासाठीची छाटणी) तीच काडी मी आणते. एप्रिलच्या खरड छाटणीपासून वाढलेली, म्हणजे सहा महिन्यांची पक्व काडी. दादाचं म्हणणं दरवर्षी तेच: "अगं, नर्सरीत पिशवीतलं तयार रोप मिळतंय. कशाला उपद्व्याप करते?" मिळतंय ना. मग मजा काय राहिली?

आता ऑक्टोबरच्या ट्रेबद्दल, कारण सगळं कोडं तिथंच होतं. चार डोळ्यांच्या (डोळा म्हणजे कोंब फुटायची जागा), ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या काड्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि सरळ, वरचा काप डोळ्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर आणि तिरका. चोवीस तास पाण्यात, पाणी मधूनमधून बदलून. बाविस्टिन ह्या बुरशीनाशकाची बुडवणी, मग आयबीए (मुळं फुटायला लावायचं हार्मोन), मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). शेजारच्या ओळीत तुलनेसाठी थॉमसन.

पहिल्या पंधरवड्यातच डॉगरिज पोंग्यावर आली, म्हणजे डोळे फुगून उमलायला लागले. पांढरी लव असलेली कोवळी शेंडी, मग पानं, मग चक्क वीतभर फूट. माझा आनंद गगनात मावेना. घरच्यांना हाताला धरून गच्चीवर नेऊन दाखवलं. आणि मग एका दुपारी सगळ्या माना टाकून बसल्या. काडी उपटून पाहिली तर तळ कोरा करकरीत. मूळ सोडा, कॅलसचा (कापावर मुळांआधी येणारी पांढरी गाठ) दाणाही नाही. सगळी फूट काडीतल्या साठवलेल्या स्टार्चवर झाली होती. साठा संपला, पाणी ओढायला मुळं नाहीत, खेळ खलास. त्याच ट्रेमध्ये, त्याच पाण्यावर थॉमसनला मात्र भरघोस मुळं.

थॉमसन जगली म्हणजे माध्यम, पाणी, बुरशी हे संशयित बाद. उरली काडी, हार्मोन आणि तापमान.

काडी तपासायला आयोडीनची चाचणी केली. केली नसेल त्यांनी जरूर करा, पैसे लागत नाहीत. काडीचा ताजा काप घ्यायचा, त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब, दोन-तीन मिनिटं थांबायचं. लाकूड काळं-जांभळं झालं तर स्टार्च भरपूर. पिवळट-तपकिरी राहिलं तर काडी कच्ची. माझ्या काड्यांचा मधला भाग चांगला काळा झाला, शेंड्याकडचा फिकट राहिला. आता शेंड्याकडचा तुकडा मी घेतच नाही. पण काळ्या झालेल्या काड्याही मेल्याच होत्या, म्हणजे काडीही सुटली.

मग तापमान. इथं मला जे दिसलं त्यानं डोकं चक्रावलं. ऑक्टोबर हीटमध्ये शेडनेटखाली दुपारची हवा ३२ अंश, आणि ओल्या कोकोपीटच्या आत खोचलेला तापमापकाचा प्रोब दाखवतोय २४. ओलं माध्यम बाष्पीभवनानं स्वतःला गार करत राहतं. रात्री तर दोन्ही १९-२० वर. म्हणजे डोळ्यांना उन्हाळा आणि तळाला हिवाळा. डोळ्यांनी आपलं काम चोख केलं. कॅलस आणि मुळं फुटायला तळाला २५-२६ अंश सलग हवेत, तेवढी ऊब तळाला कधी मिळालीच नाही. थॉमसन मुळातच सोपी, तिचं थोडक्यात भागतं. डॉगरिजचं भागत नाही.

जुने द्राक्षवाले थंड देशांत काड्यांचे गठ्ठे उलटे पुरतात ते ह्याचसाठी. तळ वर, जमिनीच्या पृष्ठभागाजवळ उन्हानं तापलेल्या मातीत; डोळे खाली, गार मातीत झोपलेले. हे वाचलेलं होतं, पण आपल्याकडे कशाला लागतंय असं वाटायचं. लागतं. आणि मग लक्षात आलं की थंडी विकत आणायची गरजच नाही, डिसेंबर-जानेवारीत नाशिकला ती फुकट असते. पारा दहाच्या खाली उतरतो. निफाडचं तर विचारूच नका, दर हिवाळ्यात पेपरात नाव असतं.

फक्त काडी ऑक्टोबरची आणि थंडी डिसेंबरची, मधला काळ काढायचा कुठं? फ्रिजमध्ये. काड्या बाविस्टिनमध्ये बुडवून, हवेवर सुकवून, किंचित ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, भाजीच्या कप्प्यात. कागद निथळता ओला नको, नाहीतर करडी बुरशी येते. सासूबाईंनी एकदा पुडकं उघडलं आणि शेवग्याच्या शेंगा इतक्या वाळेपर्यंत कुणी ठेवल्या म्हणून मला फैलावर घेतलं. तेव्हापासून पुडक्यावर 'भाजी नाही' असं मार्करनं लिहिलंय.

जुळणी अशी केली. पसरट टब, त्यात माशांच्या टाकीचा ५० वॉटचा हीटर आडवा, पाण्यात पूर्ण बुडालेला. पाण्यात विटा, विटांवर ट्रे. पाणी ट्रेच्या बुडाला जेमतेम शिवणारं, आत शिरणार नाही इतपत. चारही बाजूंना थर्मोकोल. काड्यांचे तळ कोकोपीटमध्ये, डोकी उघड्यावर. हीटरच्या स्वतःच्या खटक्यावर मी विसंबत नाही, तो पाण्याचं तापमान बघतो, माझ्या काड्यांचं नाही. एमजी रोडवरून साधं थर्मोस्टॅट मोड्यूल आणलं, त्याचा प्रोब कोकोपीटमध्ये काड्यांच्या तळाशी खोचला आणि २६ वर लावलं. तुमच्यापैकी काहीजण बल्ब वापरता. बल्बपेक्षा पाण्याचा फायदा असा की वीज गेली तरी टब तासन् तास कोमट राहतो. आमच्याकडे मध्यरात्री वीज गेली होती, सकाळी प्रोब २३ दाखवत होता. बल्ब असता तर सगळं गार पडलं असतं. विजेचं काम येत नसेल तर जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पाणी आणि वीज शेजारी आहेत.

जागा गच्ची नव्हे, ड्राय बाल्कनी. उत्तरेकडची आहे, हिवाळ्यात ऊन शिवत नाही आणि वॉशिंग मशीनचा प्लग तिथंच. गच्चीवर रात्री थंडी असली तरी दुपारी २८-३० होतंच, डोळे जागे होतात. बाल्कनीत दुपारीसुद्धा बावीसच्या वर जाईना.

आणि मग वाट बघणं. डोळे किंचित फुगले आणि तसेच राहिले. एरवी मला ह्याचा वैताग आला असता. ह्या वेळी रोज सकाळी चहाआधी जाऊन 'अजून फुटले नाहीत ना' हे बघून खूश व्हायचे. दुसरा आठवडा सरताना एक काडी हळूच वर काढली. तळाच्या कापाभोवती कॅलस, ज्वारीच्या लाहीसारखा फुटलेला, पांढरा, टणक. मी ओरडले की काय कोण जाणे, पण शेजारच्या काकू बाल्कनीत डोकावल्या. पुढे आणखी दोनेक आठवड्यांत मुळं. काही कॅलसमधून, काही चक्क सालीतून, तळाच्या डोळ्याच्या बाजूनं.

आता हार्मोनबद्दल माझं मत, काहींना रुचणार नाही. आपण सगळे पावडर कुठली, द्रावण किती ह्यावर वाद घालत बसतो. मी ह्या ट्रेमध्ये चार ओळी केल्या होत्या: काहीच न लावलेली, १००० पीपीएम, २००० आणि ३०००. न लावलेल्या ओळीतही कॅलस जवळपास सगळ्यांना आला, मुळं मात्र तुरळक. २००० ला सगळ्यात चांगली आणि चहूबाजूंनी. ३००० ला काही तळ काळे पडले. आणि ऑक्टोबरच्या गार ट्रेमध्येही मी २००० च लावलं होतं, तिथं शून्य. तेव्हा आधी ऊब, मग हार्मोन. उलटं नाही.

दुकानातल्या पुडीवर ताकद लिहिलेली नसेल, पॅकिंगची तारीख नसेल, आणि ती काउंटरवर उन्हात पडलेली असेल तर घेऊ नका. आयबीए ऊन आणि उष्णतेनं मरतं. मी शुद्ध आयबीए मागवलं. पाण्यात ते विरघळत नाही. ०.२ ग्रॅम घ्यायचं, सोनाराच्या पॉकेट काट्यावर मोजायचं, आधी ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवायचं, मग पाणी घालून १०० मिली करायचं. झालं २००० पीपीएम. पाच ते दहा सेकंद बुडवा, अल्कोहोल उडू द्या, लावा. उरलेलं गडद बाटलीत, फ्रिजमध्ये. (हो, तीही बाटली त्याच फ्रिजमध्ये. तिच्यावरही मार्कर, आणि जागा मुलांचा हात पोहोचणार नाही अशी.)

कोकोपीटचं रडगाणं थोडक्यात: ह्या वेळची वीट 'वॉश्ड' म्हणून विकली गेली, भिजवून पिळलेल्या पाण्याची ईसी (क्षारांचं माप) १.८ आली. धुतलेल्याची ०.५ च्या आसपास किंवा कमी असायला हवी. बोअरच्या नव्हे, आरओच्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुतली तेव्हा कुठे उतरली. ईसी मीटर नसेल तर विटेवरच्या शब्दांवर जाऊ नका, धुवाच.

बाकी गच्ची: मोगरा आहे तसा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, नेहमीचं.

आता मुळं एक-दीड सेंटिमीटरची झाली की लगेच पिशवीत हलवतेय. लांब झाली की हलवताना टोकं कट्कन मोडतात, द्राक्षाची कोवळी मुळं फार ठिसूळ. पोयटा, जाड वाळू आणि शेणखत, काळी माती अजिबात नाही. पिशवीत गेलेल्यांना उबेची सवय मोडावी म्हणून थर्मोस्टॅट रोज थोडा खाली आणतेय. शिवाय फेब्रुवारीचं ऊन चढायला लागलंय, डोळे आता कुणाचं ऐकत नाहीत. ऐकायला नकोतच, खाली मुळं आहेत.

ठरलं होतं ते असं: ह्या काड्या पावसाळाभर वाढवायच्या, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये थॉमसनचं पाचर कलम. पण हे लिहिता लिहिता ड्रमकडे बघतेय आणि शंका येतेय. डॉगरिजचा जोम एकरभर बागेत ठीक, दोनशे लिटरच्या ड्रममध्ये ती गच्चीचा मांडव करून शेजाऱ्यांच्या टाकीवर चढेल. दोन-तीन रोपं ड्रमसाठी ठेवते, बाकीची दादाच्या बांधाला. फेल गेलेल्या जागा भरायला त्यालाच हवी आहेत, आता 'उपद्व्याप' म्हणायची हिंमत नाही त्याची. ड्रमसाठी ११०-आर हा दुसरा खुंट बघावा का? जोम बेताचा. मुळं धरायला तीही सोपी नाही, कारण तिच्यात बर्लांडिएरी ह्या जंगली द्राक्षवेलीचं रक्त आहे आणि बर्लांडिएरी म्हणजे डॉगरिजची बहीण शोभेल इतकी हट्टी. पण टब तयार आहे, पुढचा हिवाळाही येणारच आहे.

किंवा हिवाळ्यापर्यंत थांबायचंच कशाला? हे आत्ता सुचलं. खुंटांच्या हिरव्या काड्या, एक पान आणि एक डोळा, दमट हवेत पक्व काडीपेक्षा बऱ्याचदा लवकर मुळं धरतात. नर्सऱ्यांत मिस्टवर, म्हणजे पाण्याच्या बारीक फवाऱ्याखाली, करतात. आपल्याकडे जून-जुलैमध्ये मिस्ट आभाळातूनच येते. पारदर्शक झाकणाचा क्रेट, अर्धं कापलेलं पान, टबाची ऊब चालू. अडचण एकच, केवडा हा द्राक्षाचा बुरशीजन्य रोग. झाकणाखालच्या ओलीत तो दोन दिवसांत पानं पांढरी करेल. रोज झाकण उघडून वारा द्यायचा, की आधीच फवारायचं? कुणी हिरव्या काडीवर केलं असेल तर केवड्याचं काय केलंत तेवढं सांगा.

आणि ११०-आरची काडी कुणाकडे असेल तर खरड छाटणीच्या आधी कळवा, मी पिंपळगावपर्यंत येऊन घेऊन जाईन. ओल्या गोणपाटात गुंडाळा, आणि कृपा करून सगळ्या काड्यांचे तळ एकाच बाजूला बांधा. डोळा पानाच्या खुणेच्या वर असतो हे मलाही माहीत आहे, पण मागच्या जुडीत निम्म्या काड्या उलट्या होत्या आणि त्या एकेक निरखून लावण्यात आख्खी संध्याकाळ गेली.